दारू आणि प्रायमर वेगवेगळे निवडायचे नसतात

कोल्हापुरात नेमबाजी म्हटलं की डोळ्यांसमोर रायफल नाहीतर पिस्तूल येतं. साहजिक आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१३ मध्ये चांगवॉनला विश्वचषकातलं सुवर्ण मिळवलं, आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये कांस्य घेतलं त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले. शॉटगनकडं, म्हणजे उडत्या चकतीवर बार टाकायच्या ट्रॅप आणि स्कीटकडं, आपल्याकडची थोडीच पोरं वळतात. पण वळतात. आणि वळली की कधी ना कधी माझ्याकडं येतात, कारण माझी थोरली बहीण इलिनॉयमध्ये राहते आणि दाजी गेली कित्येक वर्षं ट्रॅप खेळतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

प्रश्न ठरलेला असतो. "काका, तिकडं लोक घरात बसून काडतुसं भरत्यात म्हणं. दारू कुठली चांगली? प्रायमर कुठला घ्यायचा? सांगा की." (दारू म्हणजे बंदुकीची, आणि प्रायमर म्हणजे ती पेटवणारी टोपी.)

प्रत्येकाला चहाच्या गाड्यावर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हणून हे लिहितोय. माझी नोकरी शिरोलीच्या एमआयडीसीत, फाउंड्रीच्या लॅबमध्ये गेली. स्पेक्ट्रोवर नमुना लावायचा, वाळूची ओल आणि ताकद बघायची, प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीतल्या एका ओतीचा, नंबर वहीत चढवायचा. त्यामुळं दाजींच्या तळघरातलं ते टेबल पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला बंदुकीपेक्षा त्यांच्या वहीचं जास्त कौतुक वाटलं. तारीख, दारूचा लॉट, प्रायमरचा लॉट, तराजूवर आलेलं वजन, त्या दिवशीचं बाहेरचं तापमान. सगळं.

आधी कायद्याचं बोलतो. आपल्याकडं परवान्याशिवाय घरी काडतूस भरणं हा गुन्हा आहे. आर्म्स ॲक्ट १९५९ चं कलम ५ दारूगोळा बनवण्याला वेगळा परवाना मागतं, आणि रिकाम्या पुंगळीत नवा प्रायमर, दारू आणि छर्रे घालून तिचं तोंड बंद करणं म्हणजे दारूगोळा बनवणंच. तुमच्या घरात बाराबोरचा परवाना आहे म्हणून हे चालतं, असं अजिबात नाही. तो परवाना बंदूक बाळगण्याचा. त्यावर काडतुसं एका वेळी किती आणि वर्षाला किती घ्यायची तेही लिहिलेलं असतं. खेळाडूंना जी जास्तीची मिळतात ती नियमानं, कागदोपत्री मिळतात. तेव्हा या लिखाणात "इतकी दारू, अमका प्रायमर" असं एकही माप सापडणार नाही. मला सांगायचं आहे ते त्या बाराबोरच्या काडतुसात काय चालतं, आणि अमेरिकेत जिथं हे रीतसर आहे तिथं जाणता माणूस निवड कशी करतो, ते. विकतची काडतुसं घेतानासुद्धा हे कळलेलं उपयोगी पडतं, त्यावर शेवटी येतो.

तर काडतूस. खाली पितळी किंवा स्टीलचं बूड, त्यावर प्लॅस्टिकची पुंगळी. बुडाच्या मधोमध प्रायमर. तिकडं सगळीकडं २०९ या मापाचा चालतो. हा प्रायमर म्हणजे एक छोटी धातूची वाटी, तिच्यात बारीकशी ऐरण आणि त्या ऐरणीला टेकून लेड स्टिफ्नेट असलेलं संवेदनशील मिश्रण. घोड्याची पिन आपटली की मिश्रण वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडतं आणि भडकतं. ज्वाळा वर दारूत जाते. दारू पेटते, वायू होतो, वायू प्लॅस्टिकच्या वॅडला ढकलतो, वॅडच्या पेल्यात बसलेले छर्रे नळीतून बाहेर पडतात. टार्गेटच्या हलक्या काडतुसात दारू असते ती फक्त सव्वा ग्रॅमच्या आगेमागे. लग्नातल्या अक्षतांच्या चिमटीएवढीही नाही. तेवढ्यावर २४ किंवा २८ ग्रॅम शिसं सेकंदाला साडेतीनशे-चारशे मीटर वेगानं निघतं.

आता दाब. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणं पावणेतीन इंची बाराबोर काडतुसाला कमाल ११,५०० पीएसआय (चौरस इंचाला तेवढे पौंड) दाब चालतो. एखाद्या .३०८ रायफलला ६२,००० चालतो. म्हणजे शॉटगनची नळी रायफलच्या नळीसारखी जाड नसते, तिला तेवढा दाब सोसायचाच नसतो. पातळ नळी, कमी दाब, आणि त्या कमी दाबातही चुकायला जागा फार थोडी. हा मुद्दा मी पोरांना दोनदा सांगतो. शॉटगन "रांगडी" दिसते म्हणून तिच्या आत सगळं ढिलं चालतं असा समज आहे. उलट आहे.

दारूच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो तो जळण्याच्या वेगाचा. ज्यानं गुऱ्हाळावर चुलवाण बघितलंय त्याला हे चटकन कळेल: वाळकी चिपाडं टाकली की जाळ भप्पकन उठतो आणि बसतो, बाभळीचा ओंडका टाकला की हळू धरतो पण धगधगत राहतो. काहिलीतल्या रसाला कधी काय हवं ते गुळव्याला माहीत असतं. दारूचंही तसं. टायटवॅड, क्लेज, रेड डॉट या भराभर जळणाऱ्या. हलके टार्गेटचे छर्रे पटकन नळीत सरकतात, दाब टिकायला वेळ मिळत नाही, म्हणून तिथं अशी वेगवान दारू लागते. ग्रीन डॉट, युनिव्हर्सल, युनिक या त्यांच्याहून सावकाश. लाँगशॉट, ब्लू डॉट या आणखी सावकाश, जड शिकारी काडतुसांसाठी.

यात उलटापालट केली तर दोन गोष्टी होतात. सावकाश दारू हलक्या छर्‍यांखाली घातली तर ती नीट जळतच नाही. बार फुसका निघतो, नळीत न जळलेल्या चकत्या पडलेल्या दिसतात. ही चूक निदान डोळ्याला दिसते. वेगवान दारू जड छर्‍यांखाली घातली तर मात्र छर्रे हलायच्या आतच दाबाचं शिखर उभं राहतं. ती चूक दिसत नाही, ती नळीत फुटते. रंगावर तर अजिबात जायचं नाही. रेड डॉटमध्ये लाल कण मिसळलेले असतात आणि ग्रीन डॉटमध्ये हिरवे, ओळखायला सोपं जावं म्हणून. पण बाकी बहुतेक दारू राखाडी-काळ्या चकत्या नाहीतर दाणे. डबा बदलला की ओळख गेली.

आणि आता प्रायमर. इथं लोक सगळ्यात जास्त बेफिकीर असतात, म्हणून इथं जरा थांबतो.

२०९ हे मापाचं नाव आहे. त्यावरून एवढंच कळतं की तो पुंगळीच्या भोकात बसेल. आतलं मिश्रण किती, ज्वाळा किती लांब, किती गरम, किती वेळ, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. फेडरलचा २०९ए तिखट म्हणून ओळखला जातो. साधा सीसीआय २०९ सौम्य. विंचेस्टर, रेमिंग्टन, चेडाइट, फिओक्की, नोबेल स्पोर्ट आपापल्या जागी. वरून बघितलं तर सगळे सारखेच, एकाच ट्रेमध्ये मिसळले तर मलाही वेगळे काढता येणार नाहीत. पण बाकी सगळं तेच ठेवून फक्त प्रायमर बदलला तर दाबात दोन-तीन हजार पीएसआयचा फरक पडू शकतो. आता वरचा ११,५०० चा आकडा आठवा. ज्याची रेसिपी, म्हणजे भरायच्या वस्तूंचं ठरलेलं गणित, आधीच १०,५०० वर आहे, त्यानं दुकानात नेहमीचा मिळाला नाही म्हणून दुसरा २०९ आणला आणि बसवला, तर तो कुठं जाऊन पोचला? बंदूक पहिल्या बाराला कदाचित काही बोलणार नाही. बनवतानाच जादा दाबावर तपासलेली असते ती. पण रोज तसंच चालवलं तर एक दिवस बोलेल.

शिवाय हा तिखट-सौम्यपणा सगळीकडं एकसारखा चालत नाही. एका दारूबरोबर ज्या क्रमानं प्रायमर लागतात, दुसऱ्या दारूबरोबर तो क्रम बदलतो. म्हणून "हा प्रायमर त्याच्यापेक्षा एवढा गरम, म्हणजे दारू एवढी कमी करू" असा हिशेब घरी मांडता येत नाही. मी लॅबमधला माणूस, मला असा हिशेब मांडायचा मोह लगेच होतो. दाजींना मी विचारलंच, की दोन रेसिप्यांच्या मधला आकडा काढता येणार नाही का.

"पाव्हणं," दाजी म्हणाले, "तुमच्या लॅबमध्ये दाब मोजायचं यंत्र असंल, तर काढा. माझ्या तळघरात न्हाई. ज्याच्याकडं हाय त्यानं मोजून छापलंय. मी छापलेलं वाचतो."

मला हे उत्तर फार आवडलं. खरा कारागीर असाच बोलतो. दाबाची नळी आणि सेन्सर दारू बनवणाऱ्या कंपनीकडं असतात. घरच्या टेबलावर फार तर वेग मोजायचं यंत्र असतं, आणि वेगावरून दाब कळत नाही. दोन काडतुसं एकाच वेगानं छर्रे फेकू शकतात, एक आठ हजारावर आणि एक अकरा हजारावर.

तर मुख्य गोष्ट ही, आणि पोरांच्या प्रश्नातच ती हरवलेली असते. "दारू कुठली आणि प्रायमर कुठला" असे दोन प्रश्न नसतातच. प्रश्न एकच: रेसिपी कुठली. पुंगळी, प्रायमर, दारू, वॅड, छर्‍यांचं वजन हे पाच मिळून एक वस्तू. कंपनीच्या तक्त्यात ओळ असते: अमकी पुंगळी, अमका प्रायमर, अमका वॅड, इतके छर्रे, इतके ग्रेन (वजनाचं बारीक एकक) दारू, दाब इतका, वेग इतका. त्या ओळीतला एक शब्द बदलला की पुढचे दोन आकडे आपले राहिले नाहीत.

पुंगळीचंच बघा. विंचेस्टर एए किंवा रेमिंग्टनची एसटीएस आतून निमुळती असते. चेडाइट, फिओक्कीसारख्या युरोपियन पुंगळ्या आतून सरळ. सरळ पुंगळीत जागा जास्त, निमुळतीत कमी. तीच दारू, तेच वजन, पण पुंगळी बदलली की दाब बदलला. वॅडही बदलावा लागतो, कारण एकासाठी बनवलेला दुसऱ्यात नीट बसत नाही, दारूचा वायू बाजूनं निसटतो. प्रायमरच्या भोकाचीही एक गंमत आहे: चेडाइट आणि तिच्या जातीचे युरोपियन प्रायमर अमेरिकन प्रायमरपेक्षा किंचित जाड असतात. त्या पुंगळीत नंतर अमेरिकन प्रायमर घातला की ढिला बसतो, आणि तिकडं निमुळत्या पुंगळीत युरोपियन बसवला की भोक कायमचं मोठं होतं. दाजी म्हणूनच एका जातीच्या पुंगळीला एकाच जातीचा प्रायमर लावतात. रेंजवर खाली पडलेल्या सगळ्या पुंगळ्या गोळा करत नाहीत, आपल्याच जातीच्या वेचतात.

मग या छापलेल्या शेकडो ओळींतून आपली ओळ कशी निवडायची? इथं दारू आणि प्रायमरची खरी निवड सुरू होते.

दाजी आधी छर्‍यांचं वजन आणि वेग ठरवतात. ऑलिंपिकच्या ट्रॅपला २४ ग्रॅमची मर्यादा आहे. अमेरिकन ट्रॅपला एक आणि एक अष्टमांश औंस, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅमपर्यंत चालतं आणि त्या वजनाला सेकंदाला १,२९० फुटांची वेगमर्यादा आहे. तरी दाजी सोळा यार्डांवरून २८ ग्रॅमच मारतात, तेही संथ. मी हिशेब मांडून बघितला. ३२ ग्रॅम छर्रे ३६६ मीटर वेगानं आणि २८ ग्रॅम ३५० मीटर वेगानं, असं धरलं तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा तीस टक्क्यांच्या आसपास कमी होते. दिवसाला दोनशे बार टाकणाऱ्या माणसाच्या खांद्याला, मानेला, आणि मुख्य म्हणजे घोडा दाबताना डोळे मिटायच्या सवयीला हा फरक फार मोठा आहे. चकती फुटायला थोडेच छर्रे पुरतात, आणि साडेसात नंबरचे औंसाला साधारण ३५० असतात.

"अमुक दारू मऊ आहे, धक्का कमी बसतो" असं तिकडंही बरेच जण शपथेवर सांगतात. माझं मत असं की त्यातलं बहुतेक श्रेय छर्‍यांच्या वजनाला आणि वेगाला आहे. सव्वा ग्रॅमच्या जागी एक-दशांश ग्रॅम कमी-जास्त दारूनं त्या हिशेबात फारसं हलत नाही. कमी धक्का हवा असेल तर हलकी आणि संथ ओळ निवडा, डब्यावरचं नाव नंतर.

त्यानंतर हवामान. इलिनॉयच्या हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली जातो, आणि गार पडलेली दारू आळसावते. अगदी कमी दाबाच्या रेसिप्या उन्हाळ्यात छान चालतात आणि जानेवारीत फुसके बार द्यायला लागतात. म्हणून थंडीसाठी दाजी त्याच वजनाची, पण छापील दाब थोडा जास्त असलेली, बहुतेक वेळा तिखट प्रायमरची ओळ वापरतात. तिखट प्रायमर इथं उपयोगी आहे, पण छापलेल्या ओळीतला. उन्हाळ्याच्या ओळीत हिवाळ्याचा प्रायमर खुपसायचा नाही.

मग जागा. काडतुसाचं तोंड आठ किंवा सहा घड्यांत बंद होतं. दारू, वॅड, छर्रे यांची उंची नेमकी जमली तरच घडी सपाट बसते. फुगीर दारू जागा भरून काढते. टायटवॅडसारखी घट्ट दारू तेवढ्याच वजनात कमी जागा घेते, मग घडी खोल जाते, आणि खोल घडीनंही दाब वाढतो. घट्ट दारूचा दुसरा धोका असा की चुकून दुप्पट पडली तरी ती लपू शकते. फुगीर दारू दुप्पट पडली तर वॅड वर राहतो, घडीच बसत नाही, माणूस थांबतो. नव्या माणसानं फुगीर दारूची ओळ घ्यावी असं दाजींचं ठाम मत आहे आणि मला ते पटतं.

आणि शेवटी, जे मिळेल ते. २०२० नंतर अमेरिकेत प्रायमरची मोठी टंचाई झाली. तेव्हा दाजींनी एक केलं: त्यांच्याकडं जो प्रायमर होता त्याच्यासाठी छापलेल्या ओळी शोधल्या, आणि दारू त्याप्रमाणं आणली. प्रायमरसाठी ओळ बदलली, ओळीतला प्रायमर बदलला नाही. या एका वाक्यात तो सगळा धंदा आला.

टेबलावरच्या सवयी थोडक्यात. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. काम संपलं की यंत्रातली दारू परत त्याच डब्यात, रात्रभर यंत्रात नाही. यंत्रात दारू मापायला बुशिंग नावाची भोकाची छोटी नळी असते आणि कुठल्या नंबरला किती पडेल याचा तक्ता मिळतो. पण तक्त्यातलं वजन आणि तराजूवर पडणारं वजन यांत फरक असतो, हाताच्या हिसक्यानं बदलतो, दारूच्या लॉटनं बदलतो. म्हणून तराजू. दर थोड्या काडतुसांनंतर पुन्हा तराजू. प्रायमर बुडाच्या पातळीत बसला की नाही हे बोटानं चाचपायचं. जुन्या तक्त्यांत दाब एलयूपी या एककात असतो, तो पीएसआयशी ताडून बघायचा नाही, ती दोन वेगळी मोजमापं आहेत. परदेशी खोक्यावर "३ ड्रॅम" असं लिहिलेलं दिसलं तर तो दारूचा तोल नव्हे. काळ्या दारूच्या जमान्यात तेवढ्या दारूनं जो वेग यायचा तो वेग, एवढाच त्याचा अर्थ. ३ ड्रॅम म्हणजे ५.३ ग्रॅम, आजच्या मापाच्या चौपट. ठासणीच्या बंदुकीच्या आठवणी सांगणारा एखादा जुना शिकारी तुम्हाला ड्रॅममध्ये माप सांगेल, त्याचा आदर करा आणि माप विसरा.

प्रायमर मूळ खोक्यातच ठेवायचे. बरणीत ओतायचे नाहीत, एक उडाला तर बाकीचे त्याच्याबरोबर उडतात. दारू उघड्यावर पेटली तर जळते, पण घट्ट बंद पेटीत पेटली तर पेटीच बॉम्ब होते, म्हणून ती कंपनीच्याच डब्यात, थंड जागी. तिकडच्या अग्निसुरक्षा संहितेत घरात २० पौंड दारू आणि १०,००० प्रायमर अशी सीमा आहे. दाजी त्याच्या बरेच खाली राहतात. आणि काम झालं की अक्का त्यांना हात धुतल्याशिवाय जिन्यावरून वर येऊ देत नाही, कारण शिसं. टेबलावर चहाचा कप नाही, बिस्किट नाही. माझा चहा मी वर पिऊन यायचो.

एक गोष्ट मात्र भरणाऱ्यांनाच नाही, बार टाकणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. नेहमीसारखा आवाज न येता "फुस्स" किंवा "भुप्प" असा दबका आवाज आला, धक्का जाणवलाच नाही, तर पुढचा बार टाकायचा नाही. चकती गेली तर जाऊ दे. बंदूक उघडायची, काडतूस काढायचं आणि नळीतून आरपार बघायचं. दारू नीट पेटली नसेल तर वॅड नळीत अडकून राहिलेला असू शकतो. त्याच्यामागून दुसरा बार गेला की नळी फुगते किंवा फाटते. विकतच्या काडतुसातही हे घडू शकतं.

आता आपलं, इथलं. बारा बोरची शक्तिमान काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत बनतात. ट्रॅप खेळणारे स्पर्धेसाठी बहुधा बाहेरची, आयात केलेली वापरतात. काहीही घ्या, वरचं सगळं खोक्यावर वाचता येतं. छर्‍यांचं वजन बघा, नंबर बघा, वेग लिहिला असेल तर तो बघा, काडतुसाची लांबी ७० मिलिमीटर आहे की ६५ ते बघा, आणि तुमच्या बंदुकीच्या नळीवर कोरलेल्या चेंबरच्या मापाशी ते ताडा. जुन्या घराण्यांतल्या काही बंदुका ६५ च्या आहेत. लांब काडतूस त्यात बसल्यासारखं वाटतं, पण उघडणाऱ्या घडीला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. आजोबांची सुंदर कोरीवकाम केलेली दुनळी असेल तर आधी जाणकार बंदूकसाजाकडून तपासून घ्या, मग रेंजवर न्या.

मग लॉट. सरावाला आणि स्पर्धेला शक्य तेवढी एकाच लॉटची काडतुसं ठेवा. लॉट बदलला की दारू बदललेली असू शकते, प्रायमरही, आणि कारखान्यानं तो बदल नीट जुळवून घेतलेला असला तरी तुमचा खांदा आणि लीड घेण्याची, म्हणजे चकतीच्या थोडं पुढं नेम धरण्याची, सवय आधीच्या लॉटवर बसलेली असते. एका पोरीनं मला खोक्यावरचे लॉट नंबर, सरावाची तारीख आणि त्या दिवशीचे पंचवीसपैकी किती फुटले हे लिहिलेली वही दाखवली. मला फार आनंद झाला. हीट नंबर लिहिणारं माणूस घरात असावं.

आपल्याकडं पाऊस हा वेगळा विषय. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कपाटातल्या कपड्यांनाही वास येतो. प्लॅस्टिकची काडतुसं बऱ्यापैकी तग धरतात, कागदी पुंगळी ओल धरून फुगते आणि चेंबरमध्ये अडते. मूळ खोक्यात, कुलूपबंद पण कोरड्या कपाटात ठेवा, जमिनीलगत किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून नको. शेजारी सिलिका जेलची मोठी पिशवी ठेवा आणि ती महिन्याला बदला. आणि मे महिन्यात काडतुसांची बॅग दिवसभर गाडीच्या डिकीत सोडू नका. उष्णतेनं दारूचं आयुष्य कमी होतं, आणि तापलेलं काडतूस थंड काडतुसापेक्षा जास्त दाब देतं. दिल्लीला डॉ. कर्णीसिंग रेंजवर स्पर्धेला जाणाऱ्यांनी तर हे नक्की पाळा, तिथला उन्हाळा आपल्यासारखा सौम्य नाही. बॅग सावलीत, वर पांढरं कापड, आणि फेरीला जाताना खिशात तेवढ्या फेरीपुरतीच काडतुसं.

ज्यांना अजून भरणं बघायचंच आहे त्यांनी कधी इलिनॉयला गेलात तर ऑगस्टमध्ये जा. स्पार्टा गावाजवळच्या मैदानावर चकती फेकणारे १२० ट्रॅप एका ओळीत साडेतीन मैल पसरलेले असतात आणि २००६ पासून ग्रँड अमेरिकन ही ट्रॅपची मोठी स्पर्धा तिथं भरते. दाजी तिथं असतात. त्यांना दारूचं नाव विचारू नका, त्यांची वही मागा. ते दाखवतात.